पैसे घेतले म्हणून बोलायचा हक्क गेला का?

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण रागात लिहिलं असतं आणि तुमच्यावर अन्याय झाला असता. 'मनी शॉट' या माहितीपटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "ताई, ही त्या कंपनीची जाहिरात आहे आणि तुम्ही तिला भुललात. ज्या बायकांनी पैसे घेऊन हे केलं त्यांचं रडगाणं दीड तास ऐकायचं, आणि ज्या पोरींवर खरा अत्याचार झाला त्यांच्यासाठी लेखात एक ओळ? मी दोन मुलींचा बाप आहे. ही अमेरिकेतली घाण मराठीत आणायची गरजच काय?"

एका ओळीबद्दल तुमचं बरोबर आहे. लेख पुन्हा काढून पाहिला. खरोखरच एकच ओळ आहे, तीही घाईघाईत उरकलेली. त्याबद्दल शेवटी सांगते.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडं. हा माहितीपट मार्च 2023 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. दिग्दर्शिका सुझन हिलिंजर. विषय पॉर्नहब ही साइट आणि तिच्यावर पोट असलेल्या बायका-पुरुष. डिसेंबर 2020 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांचा लेख आला. अल्पवयीन मुलींचे व्हिडिओ या साइटवर कसे चढतात, काढून टाका म्हणून विनवण्या केल्या तरी कसे पुन्हा उगवतात, हे त्यात होतं. आठवड्याच्या आत व्हिसा आणि मास्टरकार्डने साइटचे व्यवहार थांबवले. त्यानंतर काही दिवसांत कंपनीने ज्यांची ओळख पटवलेली नव्हती अशा खात्यांचे 1 कोटीच्या आसपास व्हिडिओ उतरवले.

मला सगळ्यात जास्त छळतो तो त्या उतरवलेल्या व्हिडिओंचा आकडा. 2007 पासून 2020 पर्यंत कुणीही, कुठूनही, नाव-गाव न सांगता त्या साइटवर व्हिडिओ चढवू शकत होतं. बघणाऱ्याला तो डाउनलोड करून ठेवायचीही सोय होती, म्हणजे साइटवरून काढला तरी दुसऱ्या दिवशी तिसराच कुणीतरी तो परत चढवणार. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. अमेरिकेत 1988 पासून कायदा आहे की असा व्हिडिओ बनवणाऱ्याने त्यातल्या प्रत्येक माणसाचं वय ओळखपत्रावरून तपासायचं आणि ती नोंद जपून ठेवायची. तुम्ही ज्यांना 'पैसे घेणाऱ्या बायका' म्हणता, त्या कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याआधी ओळखपत्र दाखवतात, कागदावर सही करतात. ते सगळं करून बनलेले त्यांचे व्हिडिओ लोकांनी चोरून या साइटवर फुकट चढवले आणि शेजारच्या जाहिरातींचा पैसा कंपनीला गेला. या व्यवसायात बहुतेकींना एका दृश्याचे एकदाच पैसे मिळतात. पुढे तो व्हिडिओ कोटी वेळा पाहिला गेला तरी त्यांच्या हातात काही पडत नाही. म्हणून चढवणाऱ्याची ओळख तपासा, ही ओरड त्या कितीतरी वर्षं करत होत्या.

म्हणजे जी मागणी त्या पीडित मुलींची होती, तीच यांचीही होती. तुम्ही दोघींना समोरासमोर उभं केलंत. मला त्या एकाच रांगेत दिसतात.

कंपनीची जाहिरात आहे, हा तुमचा आरोप मी गंभीरपणे घेते, कारण कंपनीबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. माझ्या लेखातून तसं वाटलं असेल तर ती माझ्या लिखाणाची चूक. सॅन डिएगोतलं 'गर्ल्स डू पॉर्न'चं प्रकरण मी त्या लेखात घ्यायलाच हवं होतं. मॉडेलिंगची जाहिरात देऊन अठरा-वीस वर्षांच्या मुलींना बोलवायचं. व्हिडिओ इंटरनेटवर कधीच येणार नाही, फक्त ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या गिऱ्हाइकांना डीव्हीडी जाईल, असं सांगायचं. मग तो थेट इंटरनेटवर टाकायचा. गावात, कॉलेजात, घरी सगळीकडे पोचला. 22 जणी कोर्टात गेल्या. जानेवारी 2020 मध्ये न्यायाधीशांनी त्यांना सुमारे 1 कोटी 27 लाख डॉलर भरपाई दिली आणि त्या व्हिडिओंचे हक्कही त्यांच्या स्वाधीन केले. मुख्य सूत्रधार पळाला, 2022 मध्ये स्पेनमध्ये सापडला, आता 27 वर्षांची शिक्षा भोगतो आहे. पॉर्नहबच्या मालक कंपनीने या धंद्यातून पैसा कमावला होता. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकी सरकारशी करार करून तिने 18 लाख डॉलरहून जास्त रक्कम भरली तेव्हा हे अधिकृतपणे नोंदलं गेलं.

आता तुमच्या वाक्याकडे परत येते. 'ज्या बायकांनी पैसे घेऊन हे केलं.' या 22 जणींनीही पैसे घेतले होते. वय पूर्ण होतं. कागदावर सह्या होत्या. तुमच्या मापाने मोजलं तर त्यांनाही बोलायला तोंड राहत नाही. कोर्टाने वेगळं माप लावलं. होकार कशाला दिला, काय सांगून घेतला, हे पाहिलं. मला तेच माप सगळ्यांना लावायचं आहे. एखादी बाई 'हे माझं काम आहे, मी विचार करून केलं' म्हणते तेव्हा तिचं ऐकायचं. दुसरी 'मला फसवलं' म्हणते तेव्हा तिचंही तितक्याच कान देऊन ऐकायचं. पहिलीचं ऐकलं म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

आम्ही भिशीतल्या सहा जणींनी हा माहितीपट एकत्र पाहिला होता. संपल्यावर पहिला प्रश्न आला, "यांच्या आईवडिलांना माहीत असेल का गं?" मग कुणाचे कपडे, कुणाचं हसणं, कोण 'बिचारी वाटत नाही'. कार्डाचा मार्ग बंद झाल्यावर त्यांचं घरभाडं कसं गेलं असेल, हे अर्ध्या तासात एकीच्याही तोंडून आलं नाही. माझ्याही नाही. माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियाही त्याच वळणाच्या आहेत. या बायका पडद्यावर रडल्या असत्या तर आपण हळहळलो असतो. त्या नीट बसून हिशोब सांगतात, बँकेबद्दल, कायद्याबद्दल बोलतात, आणि तेच आपल्याला खुपतं. तुमच्या 'रडगाणं' या शब्दावर म्हणूनच मी अडले. त्या रडत नाहीत.

आणि तो हिशोब महत्त्वाचा आहे. कार्ड कंपन्यांनी हात काढून घेतला तेव्हा आधी कुणाचं ताट रिकामं झालं? ओळखपत्र देऊन, स्वतःच्या नावाने खातं उघडून स्वतःचे व्हिडिओ विकणाऱ्या बायकांचं. कंपनीचा जाहिरातींचा धंदा मात्र चालूच होता. त्या जाहिरातींचे कार्डाचे व्यवहार थांबायला ऑगस्ट 2022 उजाडला, तेही एका पीडितेच्या खटल्यात न्यायाधीशांनी व्हिसाला प्रतिवादी म्हणून सोडायला नकार दिल्यावर. ओन्लीफॅन्स या साइटने, जिथे अशा बायका आपले व्हिडिओ थेट गिऱ्हाइकांना विकतात, ऑगस्ट 2021 मध्ये बँकांचं कारण देऊन लैंगिक मजकूर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि आठवड्याच्या आत निर्णय फिरवला. तो आठवडा हजारो घरांत कसा गेला असेल, याची कल्पना करून पाहा.

'अमेरिकेतली घाण' हा मुद्दा मला फार वेळ थांबवत नाही. पॉर्नहबच्याच 2018 च्या आकडेवारीत बघणाऱ्यांमध्ये भारत तिसरा होता. आणि बाईच्या भल्यासाठी बाईचीच रोजी बंद करायची, हे आपल्याकडेही झालं आहे. 2005 मध्ये महाराष्ट्रात डान्सबार बंद केले. तीन-तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांतल्या नाचाला सूट होती. तरुण पिढी बिघडते, बायकांचं शोषण होतं, ही कारणं होती. सुमारे 75,000 बायका त्या कामात होत्या असं कोर्टात सांगितलं गेलं. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी चुकीची ठरवली. बंदीमुळे यातल्या अनेकींना घर चालवण्यासाठी वेश्याव्यवसायाकडे वळावं लागलं, हे सर्वोच्च न्यायालयाने निकालात लिहिलं आहे. त्या आठ वर्षांत कुणाच्या मुलांच्या शाळा सुटल्या, कोण कुठे गेली, याची आपण कुणी चौकशी केली नाही. बार बंद झाल्याचं समाधान मात्र भरपूर झालं.

तुम्ही मुलींचे वडील म्हणून लिहिलंत, आणि त्यामागची भीती मला कळते. मलाही एक मुलगी आहे, बारावीत. तिच्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो मागच्या वर्षी फिरला. त्या मुलीने दोन महिने कुणाला सांगितलं नाही, कारण पहिला प्रश्न 'तू काढलासच का?' हा येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. 1930 हा सायबर तक्रारीचा नंबर आहे, सरकारी पोर्टलवर नाव न देताही अशी तक्रार करता येते. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या वर्गशिक्षिकेलाही माहीत नव्हतं. तुमच्या मुलींना ते आजच सांगा. आणि 'ज्यांनी पैसे घेतले' हे वाक्य त्यांच्यासमोर बोलू नका, एवढी माझी विनंती आहे. कारण उद्या त्यांच्यावर काही वेळ आली तर तुमच्याकडे यायचं की नाही, हे त्या अशा वाक्यांवरून ठरवतील.

मूळ लेखातली ती एक ओळ मी काल काढली. तिच्या जागी सॅन डिएगोच्या त्या 22 जणींबद्दल तीन परिच्छेद घातले आहेत आणि बदल तुमच्या प्रतिक्रियेमुळे केला, असं खाली नोंदवलं आहे. लेखातला बाकीचा मजकूर मात्र होता तसाच ठेवते आहे.