दुपारीच फाटतो ना आवाज? मग घोळ माझ्या पोस्टमध्ये होता

भाऊ, तुमची कमेंट परवाच वाचली होती. उत्तराला उशीर झाला कारण पहिल्यांदा वाचून राग आला, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की तुमचं बरोबर आहे. सगळं नाही, पण बरंचसं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या लॅपटॉपवर आवाज तुटतो त्यावर मी जी पोस्ट लिहिली होती, तिच्याखाली या भाऊंनी लिहिलं की लॅपटॉप २०१४ चा आहे, त्याच्यावर ते हार्मोनियमचे ऑनलाइन क्लास घेतात, मी सांगितलं ते एकूण एक केलं, ड्रायव्हर टाकला, एन्हान्समेंट बंद केल्या, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला, यूएसबीचं साउंड कार्डही विकत आणलं, शनिवार-रविवार मस्त चाललं आणि सोमवारपासून दुपारच्या बॅचला परत तेच, रात्रीच्या बॅचला मात्र काही नाही. दुकानवाला म्हणतो साउंड कार्ड गेलं, मदरबोर्ड बदला. आणि शेवटी, "इकडून तिकडून गोळा करून चिकटवता, लोकांचा पैसा आन् वेळ काहून घालवता?"

चिकटवलेलं नव्हतं हो. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहिलं होतं आणि चाललंही होतं. फक्त ते मी जानेवारीत केलं होतं, शाल पांघरून, टेबलावर लॅपटॉप ठेवून. आता मे आहे.

तुमच्या कमेंटमधलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे, दुपारी फाटतो आणि रात्री बरा राहतो. ड्रायव्हर खराब असता तर त्याला दुपार-रात्र काय कळते? साउंड कार्ड मेलं असतं तर रात्री जिवंत कसं झालं? आणि ते शनिवार-रविवार आठवा जरा, आपल्याकडे अवकाळी येऊन गेला होता, कूलर बंद करून झोपलो होतो आम्ही. ड्रायव्हरने बरं वाटलं की पावसाने, मला तर पावसाचाच संशय आहे.

आता नेमकं काय होतं ते सांगतो, कारण पोस्टमध्ये हे मी दोन ओळीत उरकलं होतं. आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल (कधी ४४,१००). विंडोज ते साधारण १० मिलिसेकंदांचे घास करून पुढे सरकवतं, म्हणजे एका घासात ४८० सॅम्पल. पुढचा घास तयार नसला तर साउंड कार्ड वाट पाहत थांबत नाही, तिथे भोक पडतं, आणि तीच तुमची टक्-टक्, खरखर. व्हिडिओमध्ये एखादी फ्रेम गळली तर डोळ्याला कळतही नाही, कानाला मात्र लगेच कळतं. म्हणून लॅपटॉप कशानेही धापा टाकायला लागला की पहिली बोंब आवाजाची होते आणि आपण सगळे आवाजाच्याच सेटिंगमध्ये घुसून बसतो. मीही तेच केलं.

म्हणूनच ते यूएसबी साउंड कार्ड तुमच्या उपयोगी पडलं नाही. घास वाढणारा, म्हणजे प्रोसेसरच, उशिरा येत असेल तर ताट बदलून काय होणार. तो सल्ला माझा चुकीचा होता, त्याबद्दल सॉरी, पोस्टमधून काढून टाकला आहे.

दुसरी चूक त्याहून मोठी. मी लिहिलं होतं की पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची मिनिमम स्टेट १०० टक्के करा. जानेवारीत ठीक. नागपूरच्या मे महिन्यात म्हणजे आगीत तेल. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघा, बाहेरची हवा ३५ अंशांपर्यंत असेल असं धरलेलं असतं. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलं होतं, आणि साधा मे म्हटला तरी ४४-४५ असतोच. आतला प्रोसेसर शंभरीजवळ पोचला की जळू नये म्हणून आपणहून वेग पाडतो, थोडा थंड झाला की परत पळतो, परत तापतो, परत पाडतो. असं झटक्या-झटक्याने चालणं आवाजाला सगळ्यात वाईट. तुम्ही पेटीवाले आहात, तुम्हाला सांगायला नको, तबलजी हळू चालला तर चालतो, पण मधेच धावला मधेच थांबला तर गाणाऱ्याचं काय होतं.

म्हणून आता उलटं करा. मिनिमम परत ५ टक्क्यांवर न्या आणि मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ची ९९ करा. एक टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण इंटेलच्या प्रोसेसरवर ९९ केलं की टर्बो बूस्ट (नेहमीच्या वेगाच्या वर मारलेली जादा धाव) बंद होतो, लॅपटॉप थोडा संथ होतो पण बराच थंड राहतो आणि एकसारखा चालतो. क्लासला एवढं पुरे. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, तसं असेल तर सांगा, वेगळी वाट आहे.

पण हे झालं मलम. खरं काम पेचकसाचं आहे. २०१४ चा लॅपटॉप, मधे कधी उघडला का? माझा उघडला तेव्हा फॅन आणि जाळीच्या मधे धुळीचा असा थर निघाला की अख्खी गोधडीच, त्यात कूलरच्या गवताचे तंतू पण होते, कारण मी शहाणा लॅपटॉप बरोब्बर कूलरच्या तोंडासमोर ठेवत होतो, गार राहील म्हणून! ओली हवा आणि धूळ एकत्र चिकटते. ब्लोअर मारताना फॅनचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते सुसाट फिरून बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढून देणारा लेप) इतक्या वर्षांत वाळून खडू झाली असेल, ती पण बदलून घ्या. आणि गादीवर ठेवून क्लास घेत असाल तर आधी ते बंद करा, खालची हवा जाते कुठून.

उघडायच्या आधी एक खात्री करा. दुपारी दोनच्या बॅचला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, स्पीड बघत राहा. वर-खाली उड्या मारत असेल तर उष्णता. पण ०.७८ किंवा ०.७९ गिगाहर्ट्झवर चिकटूनच बसला असेल, सकाळी थंडात पण, तर चार्जरवर संशय घ्या. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरच्या मधल्या बारीक पिनेवरून तो ओळखीचा आहे का बघतात, पिन वाकली किंवा चार्जर डुप्लिकेट असला की प्रोसेसर सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकून देतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, स्पीड वर गेला तर चोर सापडला. (चार्जर लावल्यावर सतत घुंईईई येत असेल तर ते प्रकरण वेगळं, ते बहुतेक अर्थिंगचं, त्यात हे काही लागू नाही.)

लॅटन्सीमॉनचा (आवाज कशामुळे अडतो ते शोधणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनशॉट तुम्ही टाकला आहे, त्यात एनडीआयएस, म्हणजे विंडोजचा नेटवर्कचा भाग, वर दिसतो म्हणून वायफायचा ड्रायव्हर तीनदा बदलला म्हणता. नाव दिसलं म्हणजे तोच चोर असं नसतं हो. ३० मे २०२४ ला नागपुरात रामदासपेठेतल्या हवामान केंद्रावर ५६ अंश दिसलं होतं, सगळीकडे बातमी, आणि नंतर निघालं की सेन्सरच बिघडला होता. वायफाय दहा मिनिटं बंद करून डिस्कवरचं गाणं वाजवा, तरी फाटलं तर वायफाय निर्दोष. आणि त्याच रिपोर्टमध्ये पॉवर मॅनेजमेंट आणि सीपीयू थ्रॉटलिंगबद्दल (वेग पाडण्याबद्दल) एक वाक्य असतं, ते आपण कोणीच वाचत नाही, लाल पट्टी बघितली की नावाकडे धावतो.

यूट्यूबवरच जास्त तुटतं असंही लिहिलं आहे. तुमच्या वेळच्या प्रोसेसरला व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या प्रकारांचे व्हिडिओ स्वतःच्या हार्डवेअरवर नीट उलगडता येत नाहीत, सगळा भार सीपीयूवर येतो आणि परत तीच गरमी. एच२६४इफाय नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाका, ते यूट्यूबला जुन्या एच२६४ प्रकारचा व्हिडिओ द्यायला लावतं, फरक दिसेल.

राहिला मदरबोर्ड. दुकानवाल्याला हौ म्हणायच्या आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, इन्स्टॉल करू नका, नुसतं चालवा, आणि गाणं वाजवा. एकदा दुपारी, एकदा रात्री. दोन्ही वेळी सारखंच फाटलं तर दुकानवाल्याचं ऐका. रात्री स्वच्छ वाजलं तर पैसे खिशात ठेवा आणि शंभर-दोनशेची पेस्ट आणा.

उद्याच्या दुपारच्या बॅचचा स्पीडचा आकडा इथेच खाली टाका, चार्जर लावून आणि काढून, दोन्ही. उघडायला भीती वाटत असेल तर मॉडेल नंबर पण टाका, फॅनपर्यंत किती स्क्रू आहेत ते सांगतो. फक्त नवतपा (मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागायच्या आत करून घ्या.