पिवळ्या पाइपला बूच का लावलं आणि पंप का बदलला नाही

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: चावी बंद केली तरी इंजिन दहा-बारा सेकंद चालूच राहायचं, म्हणून तुम्ही व्हॅक्यूम पंप बदलायला सांगितलात. आम्ही गाडी दोन दिवस ठेवली, पंप जुनाच ठेवला, वर तपासणीची मजुरी लावली. घरी गेल्यावर सेंट्रल लॉक अजिबात चालेना, आणि दुसऱ्या मेकॅनिकला बोनेटखाली एका पिवळ्या पाइपला बूच मारलेलं दिसलं. त्याला तुम्ही फसवणूक म्हटलंय.

बूच आम्हीच मारलं. ते मारायला कारण होतं, पण गाडी ताब्यात देताना बोनेट उघडून ते तुम्हाला दाखवायला हवं होतं, आणि ते आम्ही केलं नाही. बिलावर ‘लॉक लाइन बंद’ एवढंच लिहिलं होतं. त्यातून गाडीच्या मालकाला काय कळणार? ही चूक पूर्णपणे आमची आहे आणि त्याबद्दल तुमची माफी मागतो.

आता पंपाबद्दल. पेट्रोल गाडीत थ्रॉटलची झडप हवा अडवते, त्यामुळे इनटेकमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. तुमच्या मर्सिडीज डब्ल्यू-१२३ मधल्या पाच सिलिंडरच्या ओएम-६१७ इंजिनात ती झडपच नाही. हवा मोकळी आत येते आणि वेग ठरतो तो फक्त किती डिझेल सोडलं जातंय त्यावर. म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर, इंजिन बंद करणारा शटऑफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर किती मऊ बदलायचा ते ठरवणारा मॉड्युलेटर, एसी-हीटरच्या झडपा आणि दारांची लॉक, सगळं त्या एकाच पंपावर चालतं. इंजिन बंद होत नाही म्हणजे शटऑफपर्यंत पुरेसा व्हॅक्यूम पोचत नाही, एवढंच कळतं. तो तयारच होत नाही की वाटेत कुठे निसटतोय, हे व्हॅक्यूम मोजणारा गेज लावल्याशिवाय सांगता येत नाही.

गेज आधी थेट पंपाच्या तोंडाशी लावला, बाकी सगळं बंद करून. आयडलवर काही सेकंदांत काटा ६२० मिमीवर (पाऱ्याच्या मापात) गेला आणि तिथेच स्थिर राहिला. समुद्रसपाटीला हवेचा दाबच ७६० मिमी असतो, त्यामुळे त्याच्या वर कुठलाच पंप जाऊ शकत नाही (दर हजार मीटर उंचीमागे ही मर्यादा साधारण ८५ मिमीने खाली येते, डोंगराळ भागात रीडिंग घेताना हे लक्षात ठेवावं लागतं). ६२० देणारा पंप ओढायला कमी पडत नाही. मग बूस्टरचा जाड पाइप जोडला, रीडिंग जवळपास तेवढंच. बारीक पाइप जोडल्याबरोबर मात्र त्या बाजूचा काटा ३५० वर उतरला. या बारीक फांद्या मुद्दाम अगदी लहान छिद्रातून काढलेल्या असतात, म्हणजे एखादी फांदी गळली तरी ब्रेकचा व्हॅक्यूम टिकावा. म्हणूनच तुमचे ब्रेक ठीक लागत होते आणि इंजिन तेवढं बंद होत नव्हतं.

त्यानंतर एकेक फांदी काढून तिच्या जागी बूच लावत गेलो. हिरवे पाइप एसीचे, ते काढून फरक पडला नाही. पिवळा काढल्यावर काटा ५७० वर गेला. म्हणजे मोठी गळती दारांच्या लॉकमध्ये. या गाड्यांत पाइपांचे रंग ठरलेले असतात, पण इतक्या वर्षांत कुणी कुठला तुकडा जोडलाय सांगता येत नाही, म्हणून पाइप रंगावर न सोडता हाताने शेवटपर्यंत मागोवा घेऊनच ओळखावा.

तरीही इंजिन बंद व्हायला तीन-चार सेकंद लागतच होते, म्हणजे आणखी एक दोष बाकी होता. हँड पंप सरळ शटऑफच्या नळीवर लावला, ४५० मिमी ओढले, इंजिन त्याच क्षणी थांबलं आणि काटा मिनिटभर हलला नाही. शटऑफचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) धडधाकट. तो फाटलेला असता तर तपकिरी पाइपात इंजिन ऑइल आलं असतं, आणि ते हळूहळू चावीच्या स्विचमागच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचून तोही खराब झाला असता. तुमचा पाइप कोरडा होता. मग गेज पाइपाच्या शटऑफकडच्या टोकाला लावून चावी बंद केली. काटा झटक्यात वर जायला हवा, तो २४० वर रेंगाळला. शटऑफजवळचा रबरी एल्बो (कोपरासारखा वाकडा जोड) कडक होऊन आतल्या वळणाला चिरला होता. वरून बघितलं तर चीर दिसत नाही, बोटाने वाकवल्यावर उघडते. तो एल्बो बदलला, पिवळ्या लाइनला बूच मारलं आणि चावी फिरवल्यावर इंजिन एका सेकंदात थांबू लागलं.

तुम्हाला नवा दिसलेला एकमेव भाग म्हणजे तो बोटाच्या पेरापेक्षा लहान रबरी तुकडा, आणि मजुरी मात्र तासांची. राग येणं स्वाभाविक आहे. पण नवा पंप बसवला असता तरी पिवळ्या लाइनची गळती आणि चिरलेला एल्बो तसेच राहिले असते, आणि इंजिन पहिल्यासारखंच उशिरा बंद झालं असतं.

लॉकची गळती तिथेच का दुरुस्त केली नाही, तर ती शोधायला दारांची आतली पॅनेल काढावी लागतात आणि त्यासाठी तुमची परवानगी नव्हती. फोन करून विचारायला हवं होतं. एवढं सांगू शकतो की गळती लॉक होण्याच्या बाजूला आहे. चालकाच्या दारातला स्विच व्हॅक्यूम एका वेळी एकाच लाइनला देतो, लॉकच्या किंवा अनलॉकच्या. तुमच्या गाडीत दारं अनलॉक असताना काटा ५४० च्या आसपास राहत होता आणि लॉक केल्यावर ३५० वर पडत होता. बाकीच्या प्रत्येक दारात दोन कप्प्यांचा डायफ्राम असतो, त्यातला एकच कप्पा फाटला की अशी लक्षणं दिसतात. ‘इंजिन कधी कधी नीट बंद होतं’ असं तुम्ही सांगितलं होतं, ते याच्याशी जुळतं. कुठलं दार, हे गालिच्याखालच्या जोडावर एकेक दार वेगळं करून हँड पंपाने ४०० मिमी ओढून पाहिलं की कळतं. जे दार मिनिटभर काटा धरत नाही, ते उघडायचं. डिकी आणि डिझेल टाकीच्या झाकणाचे डायफ्रामही याच लाइनवर असतात, ते तपासायचं बरेचदा राहून जातं.

त्या दुसऱ्या मेकॅनिकने बारीक पाइपांवर स्प्रे मारून गळती शोधल्याचं तुम्ही लिहिलंय. ही युक्ती पेट्रोल इंजिनाची आहे. तिथे स्प्रे इनटेकमधून आत जाऊन जळतो आणि आरपीएम बदलतो. इथे हे पाइप इनटेकला जोडलेलेच नाहीत, त्यामुळे आरपीएमवरून काहीच कळत नाही, आणि गरम इंजिनावर पेट घेणारा स्प्रे मारणं धोक्याचं आहे. कृपया तसं पुन्हा करू देऊ नका.

पण पंप एकदा उघडून पाहायला हवा, हे त्याचं म्हणणं मला पटतं, कारण मात्र वेगळं आहे. गेज फक्त पंप किती ओढतो ते सांगतो. पंपाच्या बेअरिंगची हालत गेजवर दिसत नाही. या पंपाचं बेअरिंग तुटलं तर त्याचे तुकडे टायमिंग चेनच्या भागात पडतात, चेन अडकते किंवा सरकते, आणि मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन कामातून जातं. व्हॅक्यूम उत्तम असतानाही हे होऊ शकतं. पंप उतरवून बेअरिंग हाताने फिरवून पाहायचं: खडखड, ढिलेपणा किंवा पिंजऱ्याला तडा दिसला तर पंप बदलायचाच. परत बसवताना गॅस्केट नवी. हे आम्ही त्या वेळी सुचवायला हवं होतं.

गिअर झटक्याने बदलतो असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. मॉड्युलेटरची लाइन आम्ही बंद केलेली नाही. तिथे व्हॅक्यूम कमी पडला की गिअर उशिरा आणि कडक बदलतात. मॉड्युलेटरचा पाइप काढून आत गिअर ऑइल आहे का ते पाहा. असेल तर त्याचा डायफ्राम फाटलाय, आणि ते ऑइल पंपावाटे इंजिनात जात असणार. गिअर ऑइलची पातळीही पाहून घ्या.

गाडी आणेपर्यंत एक तपासणी घरीच करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी चालवू नका, आम्हाला कळवा, आम्ही तिथे येऊन पाहू. इंजिन पुन्हा कधी थांबलं नाही तर गिअर ‘पी’मध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि बोनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेली दांडी दाबा. पंखा फिरत असतो, बाह्या आणि ओढणी-मफलर सांभाळून.

दारांची पॅनेल काढून गळका डायफ्राम शोधणं आणि पंप उतरवून बेअरिंग पाहणं, या दोन्ही कामांची मजुरी आम्ही घेणार नाही. भाग लागला तर आधी तुम्हाला दाखवू, तुम्ही हो म्हटल्यावरच बसवू, आणि जुना भाग तुमच्या हातात देऊ. गेज तुमच्यासमोरच लावू. येताना ते बिल घेऊन या, त्यावर सगळी रीडिंग लिहून देतो.