मामांचा कानडी उतारा

आज सकाळी कोर्टाबाहेरच्या गाड्यावर चहा पिताना एका तरुण वकिलाने वर्तमानपत्राची घडी घालत, निकाल सुनावल्याच्या थाटात सांगितले की राजकारणातून आलेला माणूस एकदा न्यायासनावर बसला की न्यायाची आशा सोडावी. भोवतालच्या चौघांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचाच राग दिवसभर डोक्यात घोळतो आहे, म्हणून हे लिहितो.

१९८६ साली माझे वडील, यंत्रमागावरचे कामगार, कारखान्यातल्या एका भांडणात अटकेत गेले. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा? आमच्या नावावर ना घर, ना सातबारा. आईने निरोप धाडला तसे कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातून मामा रात्रीच्या एसटीने आले, कोपरीच्या खिशात आपल्या पाच एकरांचा कानडी उतारा जपून घेऊन. कोर्टात (कुठल्या, ते लिहीत नाही) त्यांना सांगण्यात आले की जमीन परराज्यातली आहे, कागद कानडी आहे, जामीनदार जिल्ह्यातलाच आणा. सोलापुरात! जिथे एका वाड्यात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच नळावर भांडतात, तिथे कानडी कागद कोणालाच वाचता येईना. वडील आणखी सहा रात्री आत राहिले.

पुढे मी कोर्टाच्या आवारात टंकलेखनाला बसू लागलो. एकदा एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी जुन्या निकालातले उतारे टंकायला दिले. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश, १९७८. मोतीराम हा गवंडी. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडले आणि विचारले की मल्याळी, कानडी, तमिळ किंवा आंध्रचा माणूस दूरच्या मुलखात पकडला गेला, तर त्याने तिथला जामीनदार आणायचा कुठून? त्या ‘कानडी’ शब्दापाशी माझी बोटे थांबली. वडिलांच्या त्या सहा रात्रींच्या आठ वर्षे आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मामांच्या बाजूने निकाल दिलेला होता, आणि तो आमच्या कोर्टात कोणी उघडून पाहिला नव्हता.

आता हे वाक्य लिहिणारा माणूस कोण होता? थलश्शेरीचा वकील. १९४८ साली कम्युनिस्टांना कायद्याची मदत केल्याच्या ठपक्यावरून स्वतः महिनाभर स्थानबद्ध झालेला. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेत आणि १९५७ मध्ये केरळ विधानसभेत अपक्ष म्हणून निवडून गेलेला. केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद यांच्या मंत्रिमंडळात कायद्याबरोबर तुरुंगांचे खातेही त्यांच्याकडे होते; ते सरकार १९५९ मध्ये बरखास्त झाले. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयात आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, तेव्हाही लोकांनी नाके मुरडलीच होती. ज्याने कोठडी आतून पाहिली आणि मंत्री म्हणून बाहेरूनही पाहिली, त्याला जामिनाचा कागद म्हणजे कोणाच्या तरी घरची चूल, हे समजणारच. केवळ पुस्तके वाचून ते समजत असते, तर मामांना परत जावे लागले नसते.

मान्य आहे, बहरुल इस्लाम यांचेही उदाहरण आहे. ते राज्यसभेतून न्यायालयात आले आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देऊन पुन्हा निवडणुकीच्या राजकारणात गेले. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण एकाच्या पापाची पावती दुसऱ्याच्या नावाने फाडू नये. जून १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवल्यानंतर कायदामंत्री ह. रा. गोखले कृष्ण अय्यर यांच्याकडे भेटीची वेळ मागत होते (तेही मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सोडून राजकारणात आलेले, ही गंमत त्या मुलाला ठाऊक नसावी). त्यांनी भेट नाकारली आणि रीतसर अपील करा असे सुचवले. २४ जूनला कृष्ण अय्यर यांनी इंदिराबाईंना त्या निकालावर सशर्त स्थगिती दिली. पंतप्रधानपद राहिले, लोकसभेत मतदानाचा हक्क राहिला नाही. ती स्थगिती मुळीच द्यायला नको होती, असे आमचे वकीलसाहेब म्हणत. असेल.

कृष्ण अय्यर यांची इंग्रजी मात्र अवजड होती, हे टंकणाऱ्याने तरी कबूल केले पाहिजे. एकेका वाक्यात मी दोनदा श्वास घेत असे, शब्दकोश शेजारी ठेवून.

लिहिता लिहिता राग बराच उतरला. तो मुलगा तसा सालस आहे, गरिबाकडून फी घ्यायला संकोचतो. मामा गेले त्याला बारा वर्षे झाली. वडील सुटून आले त्या दिवशी मामा इंडीला परतले होते; उतारा मात्र घाईत आईच्या ट्रंकेत राहिला तो अजून तिथेच आहे, घड्यांवर फाटलेला. उद्या मोतीराम निकालाची एक झेरॉक्स काढून त्या मुलाला देणार आहे, आणि सोबत त्या उताऱ्याचीही. चहाचे पैसे मी देईन.