‘जुन्या मशीनवर फक्त एक्सएफसीई’ म्हणे!

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून इंदूरच्या आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाका. पण सांभाळून. प्रत्येक डेस्कटॉपची (एक्सएफसीई, केडीई, ग्नोम ही त्यांची नावं) सिस्टीम वेगळी असते, चुकीची टाकली तर सगळं पुसावं लागतं. जुन्या मशीनवर फक्त एक्सएफसीई चालतं, केडीई सगळ्यात जड. मराठी नीट हवं तर ग्नोमच घ्या. उबंटू या लिनक्सचं कुठलंही रूप घ्या, पाच वर्षं अपडेटची चिंता नको. आणि विंडोजची सगळी कामं होतातच.

भंगारात देऊ नका, हे सोळा आणे खरं. बाकीचं एकेक घेऊ.

‘डेस्कटॉप वेगळा म्हणजे सिस्टीम वेगळी.’ अजिबात नाही. उबंटू (ग्नोमवालं), कुबुंटू (केडीईवालं), झुबुंटू (एक्सएफसीईवालं) आणि लुबुंटू (एलएक्सक्यूटी या आणखी एका हलक्या डेस्कटॉपचं) या चौघांचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तोच आणि पॅकेजंही एकाच भांडारातून येतात. डेस्कटॉप म्हणजे वरचं पॅनल, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्जची खिडकी. उबंटू चालू असतानाच त्यावर झुबुंटूचा डेस्कटॉप टाकता येतो. मग लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करून आज कोणत्यात शिरायचं ते निवडायचं. फाइली जागच्या जागी राहतात. तरी मी हे करा असं सांगणार नाही. दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, मेनूत प्रत्येक गोष्टीची जोडी. एका ओट्यावर दोन बिऱ्हाडं थाटल्यासारखं होतं.

आता तो एक्सएफसीईचा मुद्दा. यावर माझाही विश्वास होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सुदामानगरला माझ्या मावशीकडे तिसऱ्या पिढीच्या आय-३ चं मशीन आहे: ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. मी झुबुंटू टाकलं आणि चहा होईपर्यंत खूष होतो. मग मावशीनं फायरफॉक्स उघडला. एका टॅबमध्ये जीमेल, दुसऱ्यात यूट्यूबवर कीर्तन, तिसऱ्यात बँक. डब्यावरचा डिस्कचा दिवा लागला तो विझेचना. ‘अरे, हे पुन्हा गोल-गोल फिरतंय बघ!’ सिस्टीम मॉनिटर उघडून पाहिलं तर डेस्कटॉप बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला आणि निम्म्याहून जास्त रॅम एकट्या ब्राउझरनं खाल्लेली. रॅम भरली की सिस्टीम डिस्कवर मजकूर सांडते, आणि फिरत्या डिस्कला ते झेपत नाही. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणून बसवली आणि या वेळी मुद्दामच मिंट या उबंटूवर बेतलेल्या लिनक्सची सिनॅमन डेस्कटॉपवाली आवृत्ती टाकली, जिला तो मजकूर ‘जुन्यासाठी नाही’ म्हणतो. मावशीचं गोल-गोल थांबलं.

कीर्तन मात्र मोठ्या दर्जाचं लावलं की अजूनही अडखळतं, आणि त्यात डेस्कटॉपचा दोष नाही. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारांत आवळून पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक चिप्सना व्हीपी९ पूर्णपणे स्वतःच्या हार्डवेअरवर उलगडता येत नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. लुबुंटू टाका नाहीतर आणखी काही, हे काम तेवढंच राहतं. दर्जा ४८० वर आणायचा, मोकळं व्हायचं.

एक्सएफसीई रॅम वाचवतं, हे खरंच. पण वाचते ती काही शे एमबी. २ जीबीच्या मशीनवर तेवढ्यानंही फरक पडतो. ४ जीबी आणि एसएसडी असेल तर हाताला जे सोयीचं वाटेल ते घ्या.

‘केडीई सगळ्यात जड’ हा डाग जुना आहे. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ अर्धंकच्चं बाहेर पडलं आणि लोकांनी शिव्या घातल्या, त्या रास्तच होत्या. पण त्यानंतर केडीईच्याच डेस्कटॉपच्या नव्या आवृत्त्या, २०१४ मध्ये प्लाझ्मा ५ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ आलं. पोराच्या दहावीच्या मार्कांवरून त्याला चाळिशीत जोखण्यातला हा प्रकार. फाइलींची सूची करणारी सोय तेवढी जुन्या डिस्कवर बंद करून टाकावी.

मराठी फक्त ग्नोममध्ये? अक्षरं जोडायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्डचे आराखडे खालच्या थरात असतात, आणि दोन्ही सगळ्या डेस्कटॉपना सामायिक आहेत. एक्सएफसीईत लोक अडकतात ते एका टिचकीपाशी: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर ‘सिस्टीमचंच वापरा’ हा पर्याय आधी बंद करावा लागतो, नाहीतर खालची सगळी बटणं फिकट दिसतात. तो बंद केला की मराठी जोडा. ‘तऱ्हा’ लिहिताना शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबायची, तो ऱ मिळतो. आणि आपल्या इंदूरकरांची नेहमीची तक्रार, ‘ल आणि श हिंदीसारखे दिसतात’, तिचाही डेस्कटॉपशी संबंध नाही. नोटो सान्स देवनागरी या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरच्या वर्ड-एक्सेलच्या जोडीदारात) मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी करा, ल तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो.

‘कुठलंही घ्या, पाच वर्षं’ हे वाक्य मात्र नुकसान करणारं आहे. एप्रिल २०२४ च्या २४.०४ आवृत्तीत मुख्य उबंटूला पाच वर्षं आहेत, म्हणजे २०२९ पर्यंत. कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू यांना तीनच, एप्रिल २०२७ पर्यंत. त्याच पायावरच्या मिंट २२ च्या तिन्ही आवृत्त्यांना, सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई, २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. ज्यांना दर दोन-तीन वर्षांनी भाच्याला बोलवायचं नाही, त्यांच्यासाठी निवड इथंच होते. मावशीला मिंट देण्याचं अर्धं कारण हेच.

राहिली ‘विंडोजची सगळी कामं’. शेजारच्या काकांचं सियागंजात किराण्याचं ठोक दुकान आहे. मजकूर वाचून तेही मशीन घेऊन आले. पण त्यांचा सगळा हिशेब टॅलीत, आणि टॅली विंडोजसाठीच बनते. मशीन सहाव्या पिढीचं, विंडोज ११ ला आठवी लागते. मी त्यांच्या डेटाची प्रत काढून दिली आणि नवं मशीन घ्यायला सांगितलं. जुन्यावर आता त्यांची नात कुबुंटू वापरते.