तुमचा स्वभाव दहा मिनिटांत!

नोकरीच्या मुलाखतीला निघालाय? दाखले, अनुभव वगैरे घरी ठेवलात तरी चालेल. हल्ली स्वभाव तपासतात. मी गेल्याच पंधरवड्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअर सुपरवायझरच्या जागेसाठी स्वभाव तपासून घेऊन आलोय, तेव्हा चार गोष्टी सांगतो.

पहिली, खरं बोलू नका. पण अगदी संतही होऊ नका. १९४३ साली आलेल्या एमएमपीआय या अमेरिकन स्वभावचाचणीतच खोटं पकडणारी वाक्यं पेरलेली होती. 'मला कधीच राग येत नाही' म्हणालात की अडकलात. भडंगात शेंगदाणे असतात तेवढं खरं पुरे.

मोबाइल चार्ज करून न्या, चाचणी त्यावरच असते.

भाषांच्या यादीत 'मराठी' दिसली म्हणून हुरळू नका. मी हुरळलो. जन्मभर कन्नड फॉर्म शेजारच्या पोराकडून भरून घेतलेला माणूस, दुसरं काय होणार? पहिलंच वाक्य : 'मी पक्षाचा जीव आहे.' आता बेळगावात अनोळखी माणसानं पक्ष विचारला तर शहाण्यानं काय करावं? मी मागं वळून बघितलं आणि 'पूर्ण असहमत' दाबलं. पुढं : 'मी पक्षांमध्ये अनेक वेगवेगळ्या लोकांशी बोलतो.' छे छे! उगाच दोन्हीकडं पाय ठेवणारा वाटायला नको. पुन्हा 'पूर्ण असहमत'. निकाल : अंतर्मुख, माणसांत मिसळत नाही, चारचौघांत काम करण्यास अयोग्य. रात्री पुतण्यानं मूळ इंग्रजी काढून दाखवलं. पार्टी, म्हणजे जेवणावळ हो! आणि मिसळत नाही कोण, मी? बावीस वर्षं मंडळाचा गणपती कपिलेश्वर तलावाला नेतोय. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत ढोलवाले, ट्रॅक्टरवाला, वायर उचलून धरणारी पोरं, पोलीस, सगळ्यांशी बोलून घसा बसतो माझा!

निकाल पटणार नाही म्हणता? पटेल की. १९४८ साली फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गातल्या सगळ्या पोरांना 'तुझा स्वभाव' म्हणून एकच मजकूर वाटला. तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आमचा पोपटवाला काय वाईट होता मग? निदान पाकीट तरी मराठीत काढायचा.

बास झाली थट्टा. मानसशास्त्रज्ञ असं काम करत नाहीत. नीट काम करणारा माणसाला समोर बसवून बोलतो, मागचं-पुढचं विचारतो, एकाच चाचणीवर निकाल देत नाही. चाचणी दुसऱ्या भाषेत न्यायची तर भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून ताडून बघतात, ती भाषा बोलणाऱ्या माणसांवर वापरून बघतात, मग कुठं गुण लावतात. आणि कारखानेवाल्यांनो, तुम्ही काय केलंत? मशीनमध्ये घातलंत आणि बाहेर पडलं ते आमच्या तोंडावर फेकलंत. बेंगळुरूहून स्क्रीनवर बोलणाऱ्या मॅडम, 'पक्षाचा जीव' एकदा मोठ्यानं वाचायला एखादा मराठी माणूस मिळाला नाही होय तुम्हाला? तुमच्या गेटवरचा वॉचमन येळ्ळूरचा आहे. त्याला विचारायचं होतं.

आणि माझे ओरिजिनल दाखले ठेवून घेतलेत, ते परत द्या. पंधरा दिवस झाले.