जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये रॉकेल ओतू नका

गुरुवारी रात्री साडेदहाला धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, कॅम्पिंगच्या स्टोव्हसाठी आणलेलं अर्धा लिटर रॉकेल आहे घरात. तेच चालेल का?" कशाला, तर त्याच्या टोयोटा प्राडोच्या गिअरबॉक्समध्ये ओतायला. सकाळी उठून स्वतःच तेल बदलायचा बेत होता.

आम्ही दोघं ओमानमध्ये, तो सोहारला असतो, मी मस्कतला. त्याची प्राडो 1999ची, 3.4 लिटरचं व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, काटा तीन लाख किलोमीटरच्या पुढे. दर महिन्याला कधी वाळूत, कधी जबल अखदरच्या डोंगरावर जाते. रॉकेलची कल्पना त्याच्या डोक्यातली नव्हती. सांगलीच्या आत्यानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता, "जुनी फोर बाय फोर ऑटोमॅटिक असेल तर हे वाचाच". आत्या गाडी चालवत नाही, भाच्याच्या काळजीपोटीच तिनं पाठवला. पण तोच मेसेज त्याआधी माझ्याकडे दोन ग्रुपांवर येऊन गेला होता आणि मी न वाचता पुढे गेले होते. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ते आता देते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी लाखाच्या पुढे गेली की ऑटोमॅटिकचं तेल कधीच बदलू नये, कारण आतल्या मळावरच क्लच धरून राहतात. बदलायचंच असेल तर आधी जुन्या तेलात अर्धा लिटर रॉकेल घालावं, दहा मिनिटं इंजिन चालवावं, मग सगळं सोडून द्यावं. लाल रंगाचं कुठलंही तेल चालतं. पातळी इंजिन बंद करून बघावी आणि खबरदारी म्हणून थोडं जास्त भरावं. फिल्टर बदलू नये, धुवावा. गाडी जॅकवर उचलून खाली शिरावं. आणि निघालेलं तेल घराच्या पायथ्याशी ओतावं, वाळवी मरते.

पहिल्या दोन मुद्द्यांकडे जरा बघा. आधी सांगतात मळाला हात लावू नका, गाडी त्याच्यावरच चालते. लगेच पुढच्या ओळीत तोच मळ रॉकेलनं खरवडून काढायला सांगतात. दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही, आणि हजारो लोकांनी हे पुढे पाठवलं.

रॉकेलबद्दल सविस्तर सांगते, कारण या मेसेजमधली ही एक गोष्ट चांगला गिअरबॉक्स कायमचा घालवू शकते. ऑटोमॅटिकचा ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचं खालचं बूच, उघडला की चेंबरमधलं, म्हणजे तळाच्या भांड्यातलं, तेवढंच तेल खाली येतं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलानं जोडणारा भाग), कूलरच्या नळ्यांमधलं, व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेल कुठे जाईल ते ठरवणारा भाग) वाटांमधलं तिथेच राहतं. हिशोबापुरतं धरा की आत आठ लिटर तेल आहे आणि प्लगमधून दोन लिटर निघालं. म्हणजे पाव हिस्सा. मग ओतलेल्या अर्धा लिटर रॉकेलपैकी सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास बाहेर पडलं आणि पावणेचारशे आत राहिलं. "सगळं सोडून द्या" म्हणणाऱ्यानं कधी ऑटोमॅटिकचा प्लग उघडून निघालेलं तेल मोजलेलं नाही, हे तेवढ्यावरूनच कळतं. नवीन तेल त्या रॉकेलमध्येच मिसळणार आणि पुढचे हजारो किलोमीटर तेच मिश्रण फिरत राहणार.

आता ते तेल आत काय काम करतं ते बघा. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल दातांना वंगण देतं, झालं. ऑटोमॅटिकमध्ये पंप त्याच तेलाला दाब देतो, त्या दाबानं पिस्टन क्लचप्लेटी एकमेकींवर आवळतात, तेच तेल कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद पुढे नेतं आणि तेच उष्णता कूलरपर्यंत वाहून नेतं. क्लचप्लेटीवरचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं, पोलादी चकतीवर गोंदानं चिकटवलेलं. ते किती धरेल आणि किती हळुवार धरेल हे तेलातली रसायनं ठरवतात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या कामासाठी एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिकच्या तेलात, स्पर्म देवमाशाचं तेल घालत असत, इतकं हे घर्षणाचं गणित नाजूक आहे. त्यात रॉकेल गेलं की तेल पातळ होतं, जुन्या सीलमधून दाब गळतो, प्लेटी पुरत्या आवळल्या जात नाहीत, घसरतात, आणि घसरताना तापून जळतात. पंपाच्या दातांवरचा तेलाचा पडदाही तुटतो. जुनं रबर रॉकेलमध्ये फुगतं ते वेगळंच.

शिवाय आगीचं काय? रॉकेलची वाफ 38 अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगी होऊ शकते. गिअरबॉक्सचं तेल रोजच्या वापरातच 70-80 अंशांवर असतं. त्या बॉक्सला हवा जाण्यासाठी श्वासनळी असते आणि शेजारून तापलेला एक्झॉस्ट पाइप जातो. हे सगळं गाडीखाली, आणि भाऊ वरून दहा मिनिटं इंजिन चालवत बसणार. फोनवर मी त्याच्यावर ओरडले, खोटं कशाला सांगू.

ही रीत आली कुठून ते मला माहीत आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स उघडून सुटे भाग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशनं घासून धुतात. त्यात वावगं काही नाही. भाग बाहेर असतात, धुऊन पुसून वाळवून परत बसवतात. कुणीतरी तीच रीत बंद ऑटोमॅटिकला लावली आणि पुढच्यानं विचार न करता लिहून टाकली.

"लाखानंतर तेल बदलू नका" यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करते. वर्षानुवर्षं तेल न बदललेली गाडी, तेल काळं पडलेलं, जळकट वास, डी टाकल्यावर गाडी थांबून थांबून ओढते. अशा गाडीचं तेल बदललं आणि महिन्याभरात बॉक्स गेला, असं घडतं. पण तिथे अस्तर आधीच संपलेलं असतं. लोक तेल बदलायला जातातच मुळी गाडी घसरायला लागल्यावर. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आणि बोल कावळ्याला. मशिनच्या दाबानं तेल ढकलून फ्लश करण्याबद्दल मात्र मीही सावध असते. जुन्या बॉक्समध्ये तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. त्याला उत्तर आहे: प्लगमधून सोडायचं, तेवढंच भरायचं, काही दिवस गाडी चालवायची आणि पुन्हा तेच करायचं. पाव हिस्सा दर वेळी बदलला तर तीन वेळांत निम्म्याहून जास्त नवीन होतं, चार वेळांत दोन तृतीयांशाच्या वर. घरी जमण्यासारखं काम हेच आहे.

भावाच्या गाडीचं तेल लाल आणि पारदर्शक होतं, जरा मळलेलं. वास ठीक होता, गिअर नीट पडत होते. अशा गाडीचं तेल न बदलणं म्हणजे ते काळं पडायची वाट बघणं. मऊ वाळूत गाडी हळू चालते, कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडलं जात नाही, आत तेल घुसळत राहतं आणि तापतं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तेल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्याच्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा दिवा उगाच दिलेला नाही.

"लाल ते चालेल" हेही साफ चूक. लाल हा फक्त रंग आहे, गळालेलं तेल इंजिनचं की गिअरबॉक्सचं हे ओळखता यावं म्हणून घातलेला. टोयोटाचंच उदाहरण घ्या. भावाच्या बॉक्सला डेक्स्रॉन टू किंवा थ्री लागतं (डेक्स्रॉन हा जनरल मोटर्सनं ठरवलेला तेलाचा दर्जा). नंतरच्या टोयोटांना टोयोटाचंच टी-फोर, त्याच्याही नंतरच्यांना डब्ल्यूएस. तिन्ही लाल आणि तिन्ही वेगळी. त्यात जनरल मोटर्सनं डेक्स्रॉन थ्रीचे परवाने 2006च्या अखेरीस बंद केले. म्हणून आज डब्यावर नुसतं "डेक्स्रॉन थ्री" दिसलं तरी कंपनीचं नाव आणि मागचा मजकूर वाचा. जुन्या प्रकाराऐवजी चालेल असं जनरल मोटर्सनं स्वतः सांगितलेलं डेक्स्रॉन सिक्स 2005पासून आहे, पण ते जरा पातळ असतं. भावानं डेक्स्रॉन थ्रीच्या दर्जाचं नावाजलेल्या कंपनीचं घेतलं आणि आता पुढे तेच वापरणार आहे.

पातळीबद्दल वाद घालायची गरजच नाही. या बॉक्सचं टोयोटाचं रिपेअर मॅन्युअल माझ्याकडे आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गाडी चालवून तेल 70 ते 80 अंशांवर आणायचं. सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावायचा. इंजिन चालू ठेवून लिव्हर पी-पासून एल-पर्यंत प्रत्येक जागी न्यायचा आणि परत पी-वर आणायचा. मग डिपस्टिक काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढून बघायची. तेल "हॉट" लिहिलेल्या पट्ट्यात हवं. जास्त भरू नका, हेही तिथेच लिहिलं आहे. इंजिन बंद केलं की कन्व्हर्टरमधलं तेल चेंबरमध्ये उतरतं आणि काडी खोटं सांगते. जास्त भरलं तर फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. खबरदारी म्हणून जास्त भरायचं हा सल्ला इंजिनालाही बरा नाही, इथे तर मुळीच नाही. इंजिन बंद करून बघायची रीत होंडाच्या गाड्यांत आहे, तीसुद्धा गरम गाडी बंद केल्यापासून मिनिटा-दीड मिनिटाच्या आत. बहुतेक तीच कुणीतरी सगळ्यांना चिकटवली.

फिल्टर धुण्याचं म्हणाल तर या बॉक्सचा फिल्टर धातूच्या जाळीचा आहे, तो धुता येतो. हा एक मुद्दा बरोबर निघाला, या गाडीपुरता. कागदी किंवा फेल्टचा फिल्टर असलेल्या गाडीत तो बदलावाच लागतो.

जॅकबद्दल एकच सांगते आणि ते कळकळीनं सांगते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, एका मिनिटासाठीही नाही. जॅक सरकतो आणि दोन टनांची गाडी छातीवर येते. प्राडो तशीच इतकी उंच आहे की सपाट जमिनीवर, चाकांना दगड लावून, न उचलता प्लगपर्यंत हात पोचतो. उचलावीच लागली तर पक्क्या स्टँडवर. उतरलेल्या तेलाचा वाळवीसाठी उपयोग करू नका, ते जमिनीत आणि विहिरीत जातं. डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

शुक्रवारी सकाळी सातला मी सोहारला पोचले. आधी मोजपट्टीची बादली प्लगखाली ठेवली. प्लग ओळखताना घाई करू नका. मागे ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) प्लग वेगळा आहे, त्यात गिअर ऑइल असतं, आणि चुकून तो उघडून वरून एटीएफ भरणारे लोक आहेत. निघालेलं तेल मोजलं, तेवढंच नवीन, डिपस्टिकच्या नळीतून लांब नरसाळ्यानं भरलं. नवीन वॉशर घालून प्लग मॅन्युअलप्रमाणे 20 न्यूटन-मीटरला आवळला. तो लहान प्लग आहे, हाताच्या जोरानं आवळून आटे खाल्ले तर चेंबर बदलावा लागतो. प्लगला चिकटलेला गाळ बोटांत चोळून बघितला: करडा, मऊ, पेस्टसारखा. तुकडे नाहीत. तीन लाखांच्या बॉक्सला तेवढा असतोच.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही त्याची मला खरी काळजी आहे. गिअरबॉक्सचं तेल थंड होतं ते रेडिएटरच्या खालच्या टाकीतल्या कूलरमध्ये. तो कूलर आतून फुटला तर कूलंट तेलात मिसळतं, तेल गुलाबी दुधासारखं होतं, आणि क्लचच्या अस्तराचा गोंद पाण्यानं सुटतो. 2005 ते 2010च्या निसान पाथफाइंडरमध्ये हे इतकं झालं की अमेरिकेत त्यावर खटले झाले. भावाचा रेडिएटर गाडीबरोबरचाच आहे, म्हणजे पंचवीस वर्षं जुना. त्याच दिवशी नवीन मागवला. तो बसेपर्यंत प्राडो ऑफिस आणि घर एवढीच करेल, जबल अखदर नाही.