वासाचे तीस रुपये

परवा रिक्षावाल्यानं माझ्याकडून वासाचे तीस रुपये घेतले. भाडं वेगळं.

पोल्ट्रीवरून कोंबडीखताचं पोतं आणत होतो. तोंड सुतळीनं करकचून बांधलेलं. सोलापुरात सात रस्ता चौकातून शेअर रिक्षात बसलो. शेजारी कडक भाकरीची टोपली घेतलेली एक आजी. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग आजीनं पदर नाकाला लावला.

"काय मेलंय काय की त्यात?"

"खत आहे आजी. कोंबडीचं."

"कोंबडीचं काय?"

इथं माझी पंचाईत झाली. 'विष्ठा' म्हणावं तर आजीला कळेना, कळेल ते म्हणावं तर पुढं ड्रायव्हरशेजारी एक कॉलेजची पोरगी. आजीनंच सोडवलं. "हागणं म्हण की सरळ. फुकट मिळालं?"

"नाही, शंभर रुपये."

आजीनं पदर बाजूला केला. वास विसरलीच ती. "बघ बाबा," रिक्षावाल्याला म्हणाली, "हागण्याला शंभर मोजतात, आन् माझी भाकरी दहाला घेताना दोन रुपये कमी कर म्हणतात!" पोरगी खिदळली. मी गेल्याच आठवड्यात अशी घासाघीस केली होती, ते मात्र बोललो नाही.

उतरताना रिक्षावाला म्हणाला, "तीस जास्त द्या. वासाचे."

"मी एकाच सीटवर बसलो होतो ना?"

"तुम्ही एका सीटवर. वास अख्ख्या रिक्षात बसला की वो."

याला उत्तर असेल तर मला कळवा. मला तरी अजून सुचलेलं नाही.

बरं, हौस म्हणून हे खत आणत नाही मी. मागच्या वर्षी ताजंच गुलाबाला घातलं, चार दिवसांत पानं करपली. या खतात नत्र इतकं की कच्चं मुळाशी पडलं तर झाड जळतं. म्हणून वाळका पालापाचोळा खताच्या दुप्पट-तिप्पट घालून कुजवायचं, आठवड्याला वरखाली करायचं, आतून ५५-६० अंशांपर्यंत तापू द्यायचं. सोलापुरातल्या उन्हाळ्याला हे अंश काही फार परके नाहीत. आणि ओल ठेवायची: मूठ आवळली की जेमतेम एखादा थेंब गळावा, इतकीच.

ओल म्हटलं की घरात भांडण. "नळाला पाणी चार दिवसांआड, आणि तुमच्या कोंबड्यांच्या खताला रोज अंघोळ!" बायकोचं चूक नाही. उजनी धरण भरलं की फोटो छापतात, आमची टाकी मात्र रिकामीच. पाण्याच्या वेळेला रात्री दोनला उठून बादल्या भरणाऱ्या माणसाला बागेची हौस असू नये, हे मला पटतं. पण गुलाबाला कोण सांगणार?

कडुनिंबाचा पाला भरपूर मिसळल्यावर दोन-तीन दिवसांत वास बराच उतरला. शेजारी म्हणाले, आता काही येत नाही.

म्हणजे तीस रुपये परत मागायचे, तर आता दाखवायला वासही उरला नाही.